दोन हजार फुटांचा दादा

तेवीस वर्षांनी दादा उड्यांच्या मैदानावर आला तो थेट बूट घालून माझ्या चटईवर. याच चटईवर मी पॅराशूट पसरून घडी घालते. आम्ही त्याला छत्री म्हणतो, आणि छत्रीच्या कापडाला एक खडासुद्धा लागलेला मला खपत नाही.

"आधी खाली उतर," मी म्हटलं.

"भाऊ आलाय, पाणी तरी विचार."

"नळ तिकडे आहे."

आमचं प्रेम हे असं. पण मागे उभी असलेली वहिनी हसली नाही. तिने मला कपाटाआड नेलं. "डॉक्टरांनी उडीला परवानगी दिलीय, पण मानेला हिसका बसता कामा नये म्हणालेत. आणि हे घरी सांगत सुटलेत, उघडीन तर दोन हजारालाच!"

मला काही नवल वाटलं नाही. त्याची सगळी कीर्तीच त्या दोन हजारांची. बाकीच्यांच्या छत्र्या वर फुललेल्या असायच्या आणि हा आपला धोंड्यासारखा खाली येतच असायचा. दोन हजार फुटांवर फाडकन उघडायचा, खाली लोक टाळ्या पिटायचे. वर उघडणाऱ्यांना तो 'भित्री भागूबाई' म्हणायचा. मग एके दिवशी छत्री इतक्या जोरात उघडली की मानेचे दोन मणके गेले. पट्टी बसवली, स्क्रू बसवले, उड्या बंद. तेव्हापासून विमानाचा आवाज आला की हा खिडकी लावून घ्यायचा. आता साठीच्या तोंडावर डॉक्टर हो म्हणाले, तर गड्याचा चेहरा कसा उजळला होता! त्याच्या आनंदात माती कालवायची माझी इच्छा नव्हती. पण त्याला चाकाच्या खुर्चीत बघायचीही नव्हती.

दोन दिवसांचा सराव संपल्यावर, उडीच्या सकाळी, मी त्याला समोर बसवलं. "नीट ऐक. तुझ्या वेळची छत्री अडीचशे फुटांत उघडायची. त्याच हिसक्याने तुझी मान गेली. आताची आठशे फूट घेते, कधी हजार. आळोखेपिळोखे देत उघडते, म्हणून मान शाबूत राहते. पण दोन हजाराला ओढलीस, तर ती पुरती उघडेपर्यंत तू हजारावर पोचलेला. तिथे राखीव छत्रीचं यंत्र जागं होतं. त्याला वाटतं, हा अजून पडतोय, बेशुद्ध असणार. ते राखीव छत्री बाहेर फेकतं. मग डोक्यावर दोन छत्र्या, एकमेकींत गुंतलेल्या. कळलं?"

"अठराशे उड्या मारल्यात मी."

"त्या जुन्या छत्रीच्या! नियमसुद्धा आता अडीच हजारांचा झालाय. आणि मुख्य प्रशिक्षकाने तुला चार सांगितलेत."

"चार हजाराला नवशिके उघडतात गं, चिमणे."

"त्यांच्या माना धड आहेत!"

तो हसला आणि "बरं बरं" म्हणाला. हे "बरं बरं" मी लहानपणापासून ओळखते. आईला असंच म्हणून हा मागच्या दाराने पसार व्हायचा.

खरं तर तेव्हाच चीफला, म्हणजे आमच्या मुख्य प्रशिक्षकाला, सांगायला हवं होतं. पण त्याने दादाला विमानात चढूच दिलं नसतं. दोन दिवस सराव करून, पोरांच्या रांगेत उभा राहून दादाने ही उडी मिळवली होती. माझी जीभ रेटेना. मग मी जे केलं, ते एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं. विमानाकडे जाणाऱ्या फाटकावर सगळ्यांच्या छत्र्यांचे पट्टे शेवटचे मी तपासते. दादाचे तपासताना त्याच्या मनगटावरच्या उंचीच्या घड्याळाची तबकडी हळूच हजार फुटांनी फिरवली. काटा दोन हजार दाखवील, तेव्हा हा तीन हजारावर असेल. चारच्या जागी तीन, पण मान तरी वाचेल.

अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय! जमिनीवर काटा शून्यावर आहे की नाही, हे कोणताही उडीवाला चढल्याबरोबर बघतो. विमान धावपट्टीकडे वळलं. उघड्या दारातून दादाने मनगट वर केलं, माझ्याकडे रोखून पाहिलं, आणि मला दिसेल अशी तबकडी परत फिरवून शून्यावर आणली. तो हसत नव्हता.

आता हा माझ्यावर खुन्नस काढायला दीड हजाराला उघडेल, असं वाटलं. वहिनीने माझा दंड धरला. "काय झालं?" मी तिला सगळं सांगून टाकलं. तिने माझा दंड सोडला नाही.

तेरा हजारावरून ठिपके सुटले. पिवळ्या पोशाखातला आमचा. नुसत्या डोळ्यांनी उंची ओळखायची मला सवय आहे. दहा हजार. आठ. सहा. पाच हजारावर पिवळ्या ठिपक्यामागून कापडाची पट्टी निघाली. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन... ती सावकाश रुंद होत गेली, चार, पाच, आणि पूर्ण फुलली. कुठेही हिसका नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. वहिनी तर मटकन खालीच बसली.

वर उघडल्यामुळे तो खाली यायला कितीतरी वेळ लागला. गोल गोल फिरत, रमतगमत आला. उतरला तेव्हा डोळे लाल झाले होते.

"अठराशे उड्यांत कधी आजूबाजूला बघितलंच नव्हतं," तो वहिनीला म्हणाला. "वेळच नसायचा. आज नदी दिसली, शाळा दिसली. आपली गच्ची दिसली. तू वाळत घातलेल्या चादरी दिसल्या."

मग माझ्याकडे वळला. माझी मान वर होईना.

"काट्याला हात लावलास."

"हो."

"विमानात डोक्यात नुसती आग. म्हटलं, आता दोन हजारच. मग मनात आलं, जी बाई बुटाच्या खड्यावरून जगाशी भांडते, तिने काटा खोटा केला. किती घाबरली असेल ती! मग पाच हजारालाच हात आपोआप ओढायला गेला."

"चुकलं माझं, दादा. चीफला आत्ता जाऊन सांगते. फाटकावरून काढलं तर काढू दे."

"सांग. काढायलाच हवं तुला."

मला रडू फुटलं. तपासणीचं सोडा, यापुढे हा माझ्या हातची घडी पाठीवर घेणार नाही, एवढंच मनात आलं. मैदानावर घडी घालणारे आणखी दोघे होते. दादाने छत्री गोळा करून खांद्यावर टाकली आणि त्या दोघांना ओलांडून माझ्यापाशी आला. सगळा गोळा त्याने माझ्या हातांत दिला.

"चार वाजताच्या विमानात नाव दिलंय," तो म्हणाला. "चीफकडून आलीस की घाल घडी."