गोल झाल्यासारखा हात

"यापुढे मी नाही," व्हर्ना म्हणाली.

बूट काढून ती खुर्चीत बसली होती. कोट अजून अंगातच. समोर टेबलावर नवऱ्याचे, ओरेस्टचे, खांद्याचे पॅड पडलेले, उन्हाळ्यात मेलेल्या कासवासारखे उताणे.

"दिवसभर वृद्धाश्रमात अकरा जणांना कपडे घालते. आधी दुखरा हात, मग बरा. घरी येते तर बारावा हात पसरून उभाच."

"अगं, आठवड्यातून एकदाच तर —"

"स्वतःचे स्वतः घालता येतील असे पॅड आण, नाहीतर खेळणं सोड. मला दोन्ही चालेल."

रागानं म्हणाली असती तर ओरेस्टनं भांडून वेळ मारून नेली असती. पण ती दमून म्हणाली होती. दमलेल्या माणसाशी काय भांडणार?

*

तर गोष्ट एवढीच होती. ओरेस्ट बिलिकचा डावा हात दोन हिवाळ्यांपासून खांद्याच्या वर जात नव्हता. बर्फावरच्या हॉकीत रिंकच्या कडेच्या फळीवर आदळला, तेव्हापासून. आणि हॉकीचे पॅड तर डोक्यावरून, दोन्ही हात वर करून घालायचे. मग दर रविवारी सकाळी व्हर्ना स्वयंपाकघरात त्याच्या अंगावर पॅड चढवायची, पट्टे ओढायची आणि शेवटी दोन्ही खांद्यांवर एकेक थाप मारायची. तिन्ही पोरांना मारायची तशीच. थाप पडली की झालं, निघा.

आणि चोपन्न वर्षांचा ओरेस्ट पॅड घालूनच गाडी चालवत रिंकवर जायचा. गावात घरून सजून येतात ती सात वर्षांची पोरं.

"आला का आईचा लाडका!" गोलकीपर लॉर्न कपडे बदलायच्या खोलीतून ओरडायचा. "नाक पुसलं का रे तिनं?"

ओरेस्ट हसायचा. हसण्यावारी नेलं की कुणी हाताकडे बघत नाही.

*

मध्यम मापाचा पॅड. छाती जाड. गळ्याशी अरुंद.

"हा नको," ओरेस्ट म्हणाला.

"घालून तरी बघ," फ्रीडा म्हणाली.

हार्डवेअरच्या दुकानामागच्या खोलीत फ्रीडा पन्नास वर्षं स्केटना धार लावत आली होती. गावातला प्रत्येक खांदा तिनं एकदा तरी मापला होता. ओरेस्टचा पहिला पॅडही तिनंच दिला होता, तेव्हा तो तिच्या टेबलाएवढा होता.

"जागा कुठली? अजून बचावालाच?"

"हो."

"धक्के बसतात?"

"म्हाताऱ्यांच्या सामन्यात कसले धक्के!" (खोटं.)

"जुन्याला काय झालं?"

"फाटला." (खोटं.)

"खांदा कसा आहे?"

"झकास."

*

मोठा. दंड झाकणारी टोपी उंच. पाठ लांब.

"हाही नको. घट्ट आहे."

"अजून हातात धरलायस तू तो."

"बघूनच कळतं."

*

त्याहून मोठा —

हा त्याला घालावाच लागला. फ्रीडा चष्मा पुसायला वळली तेवढ्यात त्यानं उजवा हात घुसवला, डोकं घुसवलं, आणि डावा हात आत कोपरापाशी मुडपून अडकला. पॅड एका कानावर चढला. आत रबराचा वास, अंधार, आणि आपल्याच श्वासाचा आवाज. आता बाहेर कसं यायचं, हे त्याला कळेना.

फ्रीडानं एक ओढ दिली आणि पॅड बसला. खांद्यातून कळ गेली. त्यानं दात आवळले.

"आता हात वर कर," ती म्हणाली.

पॅड असाच पारखतात. दोन्ही हात वर, गोल झाल्यासारखे. पॅड हनुवटीला टेकला तर मोठा, पोट उघडं पडलं तर लहान. पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं, आणि पोरं तर मापाच्या निमित्तानं दुकानात चार-चार गोल करून घेतात.

ओरेस्टनं उजवा हात वर केला.

"दोन्ही."

"काखेत घट्ट आहे, फ्रीडा. सांगतोय ना तुम्हाला."

"घट्ट?" फ्रीडानं त्याच्या काखेत अख्खी मूठ घालून फिरवली. "यात तू आणि एखादं वासरू दोघं मावाल."

धार लावायचं यंत्र रिकामंच घरघरत होतं, ते तिनं बंद केलं.

"कधीपासून?"

"दोन हिवाळे."

"म्हणून घरून घालून येतोस होय. आणि आम्ही समजत होतो, तुला पॅड चोरीला जायची भीती."

ओरेस्ट खाली बसला. "व्हर्ना म्हणते, स्वतः घाल नाहीतर सोड," तो म्हणाला. "तिचं बरोबर आहे. डोक्यावरून न घालता येणारा काही आहे का तुमच्याकडे?"

"नाही. असे कुणी करत नाही."

"मग सोडतोच."

"ऊठ," फ्रीडा म्हणाली. पॅड तिनं काढून घेतला, आणि टेबलाच्या कडेवर पालथा ठेवला, गळा पलीकडे, पोटाची बाजू त्याच्याकडे. "वाक. आणखी. बुटांकडे बघ. हात सोड, उचलू नकोस, नुसते लोंबू दे. आता पुढे सरक."

तो सरकला. लोंबणारा डावा हात आपसूक पॅडच्या टोपीखालून पलीकडे निघाला. डोकं गळ्यातून बाहेर आलं. कळ आली नाही.

"वाकलं की खांद्याला वर-खाली कळत नाही," ती म्हणाली. "माझे वडील शेवटचे सहा हिवाळे असेच खेळले. लोक म्हणायचे, काय देवभोळा माणूस, सामन्याआधी बाकासमोर वाकतो."

"लॉर्न हसेल."

"हसेलच की. तो गोलकीपर आहे, त्याला दुसरं काम काय!"

*

घरी व्हर्ना तशीच खुर्चीत. कोट तेवढा उतरला होता. पाय दुसऱ्या खुर्चीवर, सुजलेले.

"बघ," ओरेस्ट म्हणाला.

त्यानं पॅड टेबलाच्या कडेवर ठेवला. वाकला, अडकला, मागे आला, पुन्हा वाकला. चहाचा कप सांडता सांडता राहिला. व्हर्नानं हात पुढे केला नाही. तिसऱ्यांदा डोकं बाहेर आलं. उजव्या हातानं त्यानं डावा पट्टा लावला, मग चाचपडत उजवा.

"जमलं," ती म्हणाली.

"जमलं."

"मग आता रिंकवरच घालत जा. रविवारी मी झोपेन."

"झोप की."

तो तिथंच उभा राहिला. कशासाठी, ते त्याला सांगता आलं नसतं. व्हर्नानं त्याच्याकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि बसल्या जागेवरूनच हात वर केला. तो त्याच्या कोपरापर्यंतच पोचला. उठायची ताकद तिच्यात नव्हती.

तो वाकला.

तिनं एक थाप मारली, डावीकडे, हलकेच. मग उजवीकडे.