सातव्या मशीनमधली डिस्क

ताईचे सगळे व्हिडिओ माझ्या हातून पुसले गेले, पण चूक माझी नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण घरात कुणी तोंडावर विचारणार नाही आणि मनात मात्र सगळे मलाच धरतील.

भाचीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती शाळेत जायच्या आधी मायलेकींनी आपसांत खुणांची एक भाषा केली होती. नाक चोळलं की मांजर, कानाची पाळी ओढली की मामा, म्हणजे मी. ताई ते सगळं मोबाइलवर टिपून लॅपटॉपमध्ये साठवायची. पुढे भाची शाळेतल्या खुणा शिकली आणि घरातल्या विसरून गेली. आता ती भाषा फक्त त्या व्हिडिओंत उरली होती. लॅपटॉप आचके द्यायला लागला तेव्हा भाऊजींनी ते एका डिस्कवर उतरवून घेतले, आणि थोड्याच दिवसांत लॅपटॉप कायमचा बसला.

भाऊजी माझ्याच हाताखाली काम करतात, हे दुसरं दुखणं. घरी त्यांचा मान ठेवायचा आणि सर्व्हर रूममध्ये कानउघाडणी करायची. रिकामी जागा दिसली की हा माणूस तिथे काहीतरी ठेवणारच. केबलच्या कपाटात छत्री, बॅटरीवर डबा. सांगून सांगून माझा घसा बसला.

त्या दिवशी बारा सर्व्हर संध्याकाळपर्यंत तयार करून द्यायचे होते. प्रत्येकात एक कंट्रोलर असतो. तो सगळ्या डिस्क एकत्र बांधून त्यांची एकच मोठी जागा करतो. पहिल्या मशीनवर हे हाताने जमवायचं, ती मांडणी फाइलमध्ये उतरवायची आणि स्क्रिप्टने, म्हणजे ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञांनी, बाकीच्यांवर चालवायची. ऐकायला किती सोपं! प्रत्यक्षात एक स्पेस जास्त पडली तरी स्क्रिप्ट रुसते, आणि का रुसली ते सांगत नाही. मग मशीन पुन्हा चालू करा आणि ते डोळे उघडेपर्यंत भिंतीकडे बघत बसा. साहेब सारखे दारातून डोकावून "झालं का?" विचारत होते. त्यांना विचारायला काय जातं!

सातव्या मशीनवर गाडी अडली. एक डिस्क कोरी नाही, एवढंच सांगून स्क्रिप्ट थांबली. फाइलच्या वरच्या ओळीत दोन पर्याय असतात. 'कॉन्फिगर' लिहिलं तर फक्त कोऱ्या डिस्कना हात लागतो. 'रीकॉन्फिगर' लिहिलं तर आधीचं सगळं पुसून नव्याने मांडणी होते. पुरवठादाराने वापरलेली डिस्क आमच्या गळ्यात मारली, अशी माझी खात्रीच होती. तरी मी भाऊजींना फोन लावला, कारण डिस्क त्यांनीच बसवल्या होत्या.

"भाऊजी, सातव्यात पुन्हा काही कोंबून ठेवलंत का? डोकं घरी ठेवून येता का तुम्ही? तुमचं काही सापडलं ना, तर आज साहेबांसमोर उभं करीन, सांगून ठेवतो!"

"नाही रे... माझं कशाला असेल तिथे?"

मी शब्द बदलला आणि एंटर दाबलं. स्क्रिप्ट पहिल्यांदाच न कुरकुरता शेवटपर्यंत गेली. मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीत मागे रेलून चक्क हसलो.

तेवढ्यात भाऊजी धापा टाकत आले. "जरा थांब हं, शेवटच्या खणातली तेवढी एक..." त्यांचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. "चालवलीस?"

मशीन नुसतं पडून होतं तेव्हा त्यांनी ताईची डिस्क त्यात ठेवली होती. थंड खोली, कुलूप, पहारा. घरापेक्षा इथे जपून राहील म्हणून. बाकीचे खण भरताना ती काढायची राहून गेली.

पुसायला सांगितलं की या डिस्क क्षणात कोऱ्या होतात. तरी मला येत होते ते सगळे उपाय मी करून पाहिले. काही म्हणता काही हाती लागलं नाही.

"अहो, मी विचारलं होतं ना तुम्हाला!"

"विचारलंस कुठे?" भाऊजी खाली बघत म्हणाले. "ओरडलास."

माझं डोकंच फिरलं. मी टेबलावर हात आपटला.

भाऊजींनी माझ्यासमोरच ताईला फोन करून सगळं सांगितलं. मग तिचा दबका आवाज मला फोनबाहेरही ऐकू आला.

"तो तिथेच आहे का? फार चिडलाय का हो?"