टोपीवरून कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी धूळ मोजणारी नळी आहे, आणि आनंदरावांच्या वागण्याला काय म्हणावं तेच मला कळेनासं झालंय. ज्या माणसानं माझ्यापुढे हात जोडले, त्यानंच मला चारचौघांत खोटारडी म्हणावं? माझा अजून विश्वास बसत नाही.

माझा जन्म पुण्यातलाच. कारखान्यात मला स्टीलची घडवली, आतून आरशासारखी घासली आणि संशोधनाच्या विमानाच्या नाकाशेजारी बसवली. विमान उडालं की मी बाहेरची हवा ओढायची. आतलं यंत्र तिच्यातले कण मोजायचं आणि धूळ एका पांढऱ्या कागदावर जमा व्हायची. शाळेची पायरी मी चढले नाही, पण आजवर एक कण कमीजास्त सांगितला नाही.

पुण्याची हवा मला विचारा. हिंजवडीला कंपन्यांचे मनोरे उठले, कोथरूड-वारज्यात सोसायट्यांना सोसायट्या चिकटल्या, त्या सगळ्यांचं सिमेंट मी गिळलंय. लोक खिडक्या लावून घेत, मी मात्र तोंड उघडं ठेवून जायची. त्या मळकट थराच्या वर गेलं की हवा स्वच्छ, आणि ढग धुऊन विरलेल्या मलमलीसारखे पातळ. तिथं माझा आकडा खाली यायचा. नेहमीच यायचा.

जमिनीवर असताना तोंडात काही जाऊ नये म्हणून मला लाल टोपी घालायची, असा नियम आहे. पण खंडेनवमीला आमच्या मोहिमेचे प्रमुख, हे आनंदराव, पूजेचं ताट घेऊन आले. विमानाला झेंडूचा हार घातला आणि माझी टोपी काढली.

"सर, टोपी राहू द्या," नंदा म्हणाली. ही त्यांची सहकारी, विमानात बसून माझे आकडे बघणारी.

"अहो, देवाला कुणी टोपीवरून कुंकू लावतं का?"

आणि चिमूटभर हळद, वर कुंकू, थेट माझ्या ओठांवर! मलाही मान मिळाल्यासारखं वाटलं.

दुपारी उडालो. पातळ ढगात शिरलो तोच विमानानं गचके खाल्ले आणि माझा आकडा उसळला. मी हादरलेच. एवढ्या वर एवढी धूळ? पण आलं ते मोजायचं, ही माझी रीत.

"नवी धूळ!" आनंदराव ओरडले. "वाळवंटातून आलीय ही, नंदा, बघाच तुम्ही!"

उतरल्या उतरल्या त्यांनी दिल्लीच्या साहेबांना फोन केला. दसरा झाल्यावर पुन्हा तिथंच गेलो, तर धुळीचं नाव नाही.

"ही नळीच खोटारडी आहे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "काढा, आणि द्या भंगारात."

इतक्या वर्षांची इभ्रत एका वाक्यात भंगारात?

नंदानं पाना लावून मला उतरवलं. पण टाकण्याआधी खंडेनवमीचा कागद भिंगाखाली धरला, आणि फिस्सकन हसली.

"सर, तुमचं वाळवंट पिवळं आहे. मधेमधे लाल."

"म्हणजे?"

"म्हणजे ताटातलं. नळीत चिकटलं होतं, गचक्यांनी सुटलं. नळी विमानावरच राहील."

आनंदरावांनी कागद हातात घेतला. नंदानं मला परत बसवलं आणि तपासायला हवा ओढणारा पंप चालू केला. तेवढ्यात दिल्लीचा फोन आला.

"हो साहेब... ती धूळ ना? काय झालं, आमचं यंत्रच जरा बिघडलं होतं..."

पुरावा हातात धरून हा माणूस असं बोलतो? माझ्या तोंडून अशी शिट्टी निघाली की त्यांचं बोलणंच तुटलं. मित्रांनो, तुम्हाला ती शिट्टी वाटेल. मी म्हणाले ते असं:

"आनंदराव, फोन ठेवू नका. बिघडले नव्हते मी, तुम्ही भरवलंत तेच मोजलं. मला हार नको, कुंकू नको. जमिनीवर माझ्या तोंडावर टोपी ठेवा, आणि खरं सांगायची वेळ आली की तुमच्या तोंडावरची काढा!"