खिडकीचा नंबर

“मावशी, नंबर माझा होता.”

आवाज चढलेला नव्हता. मावशींनी बेकरीवाल्याची कॉट वॉर्डातल्या खिडकीकडे अर्ध्यावर ओढत आणली होती. चाकं गंजलेली, माणूस वजनदार, त्यांना धाप लागली होती. त्यांनी वळून पाहिलं. पोस्टमनकाका उशीला टेकून बसले होते, तोंड खिडकीच्या दिशेला.

“काका, तुम्हाला काय करायचीय खिडकी?” मावशी बोलून गेल्या, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

काकांचे दोन्ही डोळे साखरेच्या आजाराने नेले होते.

“तेही खरंच,” काका म्हणाले. “राहू दे.”

हा वॉर्ड बरं होऊन घरी जाणाऱ्यांचा नव्हता. दारापासून भिंतीपर्यंत कॉटची एक रांग, आणि त्या टोकाला एकुलती एक खिडकी. मावशी आया म्हणून लागल्या तेव्हा त्यांनीच हा रिवाज पाडला होता: ऋतू पालटला की खिडकीजवळची कॉट दाराशी आणायची आणि बाकीच्या एकेक घर पुढे सरकवायच्या. “कॉट आहेत की सोंगट्या?” म्हणून सिस्टर करवादायच्या. मावशी एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून द्यायच्या.

“डॉक्टर रोज राऊंडला येतात,” त्या म्हणायच्या, “देव ऋतूला एकदा येतो. आला की त्या खिडकीशी येतो. तेव्हा आपल्यातलं कुणीतरी तिथे नको?”

बाहेरच्या झाडाला पालवी फुटली, ऊन तापलं, पानं गळायला लागली, की त्या खिडकीजवळच्या माणसाच्या कानाशी वाकून सांगायच्या, “आला बघा.” कुणी हसायचं, कुणी डोळे पुसायचं. नंबर लागायला फार दिवस जात. पुष्कळांची कॉट त्याआधीच रिकामी होई, म्हणून नंबराला तिथे किंमत होती.

आता थंडी पडली होती आणि नंबर काकांचा होता. मावशींनी मुद्दाम काहीच केलं नव्हतं. आंधळ्याला खिडकी कशाला, असा विचारही त्यांच्या मनात आला नव्हता. हात आपसूक त्यांच्या मागच्या कॉटवर पडले होते. तेच त्यांना जास्त लागलं.

बेकरीवाल्याला खिडकीशी लावून, ड्यूटी संपल्यावर त्या काकांजवळ गेल्या. “रागावलात?”

“छे हो! जन्म पोस्टात गेला माझा. पत्ता माझा आणि टपाल शेजाऱ्याला, असं होतं कधीकधी.” काका थोडं हसले. मग हसू मावळलं. “पण एक विचारू का? तो तुमचा देव राऊंडला येतो, तेव्हा माझी कॉट सोडून पुढे जातो का हो?”

काकांचं पांघरूण उगीचच नीट करून मावशी निघाल्या.

घरी त्या ताटावर बसल्या, पण भात नुसता चिवडत राहिल्या. नवऱ्याने दोनदा विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. नवरा जन्माचा थट्टेखोर. बायको रडवेली झाली की त्याला जास्तच सुचायचं.

“तू रोज देवापुढे बसतेस, तेव्हा डोळ्यांचं काय करतेस?”

“मिटते. त्याचं काय?”

“म्हणजे तुला देव बघायला डोळे मिटून घ्यावे लागतात. त्या माणसाचे आधीच मिटलेत. त्याला तर सगळ्यांच्या आधी नंबर द्यायचास, शहाणे!”

स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन तो आपलं ताट उचलून मोरीकडे गेला. मावशींना हसू आलं नाही. इतकी वर्षं डोळे मिटून त्या काय बघत आल्या होत्या, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. त्यांना भडभडून आलं.

सकाळी त्या वेळेआधीच वॉर्डात पोचल्या. बेकरीवाला खिडकीकडे पाठ करून पडला होता.

“मावशी, मला मागे न्या.”

“अरे, काल तर हरखला होतास!”

“दुसऱ्याच्या ताटातला घास उचलल्यासारखं झालंय. तिकडे तोंडच करवत नाही.”

काकांना पहाटेपासून ताप होता. सिस्टरनी बजावलं, त्यांना अजिबात हलवायचं नाही. मावशी म्हणाल्या, “सिस्टर, मला काय बोलायचं ते नंतर बोला,” आणि बेकरीवाल्याला मागे घेऊन त्यांनी काकांच्या कॉटची चाकं सोडवली. कॉट कुरकुरत निघाली. आजूबाजूला ज्यांचे हात चालत होते त्यांनी पडल्यापडल्या तिला एकेक धक्का दिला.

खिडकीपाशी मावशींनी काकांचा हात धरून काचेवर टेकवला.

“गार आहे,” काका म्हणाले. त्यांनी तळवा उचलला नाही.

“झाडाची पानं सगळी गेलीत, काका. आभाळ निळं आहे. आणि त्या समोरच्या गच्चीवर...”

“सांगू नका. बसा.”

“बसून कसं चालेल? कामं पडलीत सगळी.”

“मावशी, बसा हो.”

त्या कॉटच्या कडेवर टेकल्या. या खिडकीशी त्यांनी कितीतरी माणसं आणून सोडली होती, पण स्वतः कधी बसल्या नव्हत्या. आधी त्यांना बादली आठवली, मग चादरी आठवल्या, मग काही आठवेनासं झालं. ऊन काचेतून आत आलं आणि काकांच्या पायांवरून सरकत मावशींच्या भेगाळलेल्या हातांवर आलं. त्यांनी डोळे मिटले. आपल्या शेजारी कुणीतरी येऊन बसलंय, आणि त्याला कसलीच घाई नाही, असं त्यांना वाटलं.

“आला बघा,” काका हळूच म्हणाले.

ही बातमी आजवर मावशींनीच सगळ्यांना दिली होती. त्यांना ती कुणी दिली नव्हती. त्यांनी पदर तोंडावर धरला आणि नुसती मान हलवली. मग काकांना ते कळणार नाही हे लक्षात येऊन त्या म्हणाल्या, “हो. आला.”

थंडी सरायच्या आधीच काका गेले. अगदी सकाळी गेले, कुणाला हाक न मारता. मावशींनी त्यांना पुसून स्वच्छ केलं, कॉट धुऊन काढली आणि दाराशी नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर नवा माणूस आला.

खिडकीजवळची जागा रिकामी होती. मावशी बेकरीवाल्याकडे गेल्या आणि त्यांनी कॉटच्या दांडीला हात घातला.

“चल. आता तुझाच नंबर.”

बेकरीवाल्याने चाक तसंच राहू द्यायची खूण केली. “राहू द्या, मावशी. थंडी कुठे संपलीय अजून? नंबर काकांचाच.”

मावशींनी दांडी सोडली. दुपारी औषधांचं कपाट ठेवायला जागा हवी म्हणून सिस्टर आल्या. खिडकीपाशी एवढी मोकळी जागा बघून म्हणाल्या, “इथे कुणी नाही ना?”

“आहे,” बेकरीवाला म्हणाला.

सिस्टरनी रांगेवरून नजर फिरवली. सगळ्यांची तोंडं खिडकीकडे होती. त्यांनी कपाट बाहेरच्या व्हरांड्यात ठेवायला सांगितलं.