ओल्या फडक्याने वाचवलेला ओटा

मित्रांनो, मी एक जुना ओटा आहे. स्वयंपाकघरातला, काळ्या ग्रॅनाइटचा. पण ‘जुना’ म्हणताना जरा जपून हं. गेल्या रविवारी एक गवंडी मला फोडायला हातोडा घेऊन आला आणि माझ्यात बघून मिशा नीट करून परत गेला. हे कसं झालं, तेच सांगायचंय.

डोंगराच्या पोटात मी लाखो वर्षं निवांत पडून होतो. मग मला कापलं, चिरलं, घासघास घासलं. वाटलं, आता आपलं काही उरत नाही. पण शेवटची घासणी फिरली आणि कारखान्याच्या छतावरचे दिवे माझ्यात उतरले. मी स्वतःच्याच प्रेमात पडलो, खोटं कशाला बोलू?

या घरात मला खिडकीखाली बसवलं. आई माझ्यावर पीठ मळायची. तिची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणतात, माझ्यावर बसून पाय हलवत पाढे म्हणायची. चार वर्षांची असताना तिच्या हातून बत्ता पडला आणि माझ्या कडेचा नखाएवढा टवका उडाला. ती रडली, मी नाही. शेजारच्या काकू तर आल्या की आधी माझ्याकडे बघायच्या. “वहिनी, तुमच्या ओट्यात बघून भांग पाडता येईल हो,” म्हणायच्या. मी फुगून जायचो. दगडाला फुगता येतं तेवढाच.

मग एकदा आई चार दिवस मामाकडे गेली. बाबांना वाटलं, ती यायच्या आत ओटा लखलखीत करावा. त्यांनी न्हाणीघराची फरशी धुवायचं ॲसिड माझ्यावर ओतलं आणि फोनवर बोलत बसले. मित्रांनो, असं झोंबलं म्हणून सांगू! फोन संपला तेव्हा माझं अर्धं अंग राखेच्या रंगाचं झालं होतं.

झालेलं सांगून टाकायचं सोडून बाबांनी त्यावर खायचं तेल चोळलं. डाग गायब. आई आली, म्हणाली, “वा, चमकतोय की.” तेव्हापासून रोज सकाळी आई उठायच्या आत बाबांची तेलमालिश सुरू. महिन्याभरात मी असा चिकट झालो की आईने ठेवलेलं वर्तमानपत्र उचललं, तर बातम्या माझ्यावर उलट्या छापलेल्या.

आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तेलाच्या बरणीकडे. “या घरात तेल पितं कोण?”

बाबांचे कान लाल झाले. सगळं बाहेर आलं.

आई रागावली नाही, ते जास्त वाईट होतं. तिने साबणाने तेल काढलं, खालचा पांढुरका डाग बघितला आणि गवंड्याला फोन लावला. “रविवारी या. जुना ओटा फोडून नवा बसवायचाय.” मी तिथेच होतो हो. सगळं ऐकत.

चिमणी आता नववीत आहे. त्या संध्याकाळी ती मला पुसत होती आणि पुसता पुसता थांबली. परत फडकं फिरवलं. परत थांबली.

“आई, इकडे ये ना. ओला केला की काळा, सुकला की पांढरा.”

“बाबांनी महिनाभर तेच केलं, तेलाने.”

“तसं नाही गं. रंग गेलाच असता तर ओला करूनही आला नसता. रंग आतच आहे, फक्त ओटा वरून खरखरीत झालाय. हात फिरव.”

आईने तळवा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाली, “शनिवारपर्यंत वेळ देते, वकीलबाई.”

शनिवारी चिमणीने बोलावलेल्या पॉलिशवाल्या मावशी आल्या, बादली आणि हातात धरायचं मशीन घेऊन. माझ्यावर नख ओढून त्यांनी विचारलं, “कुणी केलं हे?” बाबा छताकडे बघू लागले.

“बरं, पंख्याने केलं असेल,” मावशी म्हणाल्या. “दगड मेलेला नाही. नुसतं तोंड सोललंय त्याचं.”

त्यांच्याकडे हिऱ्याची पूड बसवलेल्या सात चकत्या होत्या, खरखरीतपासून मऊपर्यंत. आधी एक कोपरा करून दाखवते म्हणाल्या. चिमणी पाणी सोडत होती. तिसऱ्या चकतीला मी पहिल्यापेक्षाही भेसूर दिसायला लागलो. आईचा चेहरा पडला.

“मधल्या दोन गाळून शेवटचीच लावली तर?” बाबा म्हणाले.

“हीच घाई नडली ना, दादा? एक गाळली तरी ओरखडे राहतात. तिसरीला सगळेच घाबरतात.”

पाचवीला माझ्यात खिडकी आली. सहावीला खिडकीतलं झाड. सातवीला आई वाकली आणि तिला तिचा चेहरा दिसला. तिने चिमणीच्या पाठीत हलकीच चापट मारली. मग मावशींनी मला पूर्ण घासलं, सुकवलं, रंग गडद करून छिद्रं बुजवणारं द्रावण चोळलं. कडेचा टवका भरायला निघाल्या, तर चिमणी आडवी आली. “तो राहू दे. तो माझा आहे.”

आनंदाच्या भरात गवंड्याला ‘येऊ नका’ कळवायचं सगळेच विसरले. तो आला, हातोडा घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. “फोडायचा कुठला?” एवढंच बोलला आणि मिशांकडे वळला. चहा पिऊन गेला.

मित्रांनो, माझं मागणं छोटं आहे. लिंबू लाकडी फळीवर चिरा, सांडलं तर लगेच पुसा, साध्या साबणाचं पाणी मला पुरतं. आणि हातून काही बिघडलंच तर त्यावर तेल चोळू नका, सांगून टाका. ओल्या फडक्याने बघणारं कुणीतरी घरात असतं.

आज सकाळी बाबांचा हात सवयीने तेलाच्या बरणीकडे गेला. आई दारातच उभी होती.

“भूक लागली होती,” बाबा म्हणाले.

माझ्यात दोघांचेही चेहरे अगदी स्वच्छ दिसत होते. दोघंही हसत होते.