रामप्रसादच्या मापाचा घोडा

हट्टा गावच्या जलालुद्दीन मिस्तरीची जीभ तिखट आणि हात मऊ. चौकट वाकडी बसली तर हा गिऱ्हाइकाच्या भिंतीला शिव्या घालील, पण लेकरासाठी डुलता घोडा करायला बसला की तोंडातून चकार शब्द निघायचा नाही. मापाशिवाय तो घोडा करीत नसे. पोराला ठोकळ्यावर बसवायचं, मांडीपासून टाचेपर्यंत सुतळी धरायची आणि गाठ मारायची. त्या गाठीवरून पाय ठेवायची दांडी ठरायची. घोडा पुरा झाला की सुतळीचे तुकडे करून चुलीत टाकायचे, ही त्याच्या बापापासूनची शिस्त. माणसाचं माप सांभाळायचं काम कबर खोदणाऱ्याचं, सुताराचं नव्हे.

ही शिस्त त्यानं जन्मात एकदाच मोडली.

शहाण्णव साली शेळ्यावाल्या प्रभूनं आपल्या रामप्रसादसाठी घोडा सांगितला. पोरगं चार वर्षांचं, माप घेतानाही एका जागी टिकेना. घोड्याला शेपटी लावायची तेवढी राहिली होती आणि पोराला ताप आला. ताप डोक्यात गेला आणि पोर हातचं गेलं. प्रभू तरीही घोडा न्यायला आला. जाताना म्हणाला, "चाचा, ती सुतळी बी द्या. त्याचा फोटो बी काढला न्हाई आमी कधी."

बापाचं तोंड बघून जलालुद्दीनला कात्री उचलवेना. त्यानं सुतळी दिली. घरी बायकोला, गौसियाला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "नहीं देना था." त्या दोघांच्या घरात पाळणा कधी हलला नव्हता. दुसऱ्याचं लेकरू गेलं तरी गौसियाच्या घशाखाली घास उतरत नसे.

वर्षानं प्रभू सायकलवर घोडा बांधून दुकानात हजर.

"दांडी जरा खाली घ्या, चाचा. पाय आखडून राहिलेत."

"कोणाचे?"

"कोणाचे म्हंजे? रामप्रसादचे."

त्यानं सुतळी पुढं केली. जुन्या गाठीच्या पुढं बोटभर अंतरावर नवी गाठ होती. दुःखानं माणूस भ्रमतो, त्याच्याशी काय वाद घालायचा, म्हणून जलालुद्दीननं मुकाट्यानं दांडी खाली घेतली. पण जुनी दांडी काढताना त्याचा हात थबकला. ती दोन्ही टोकांना झिजून गुळगुळीत झाली होती, रोज टाचा घासल्यासारखी. प्रभूच हातानं घासत बसत असेल, असं त्यानं मनाला समजावलं. पुढं दर वर्षी गाठ पुढं सरकत गेली आणि दर वर्षी दांडी झिजलेली निघाली. दर वर्षी मनाला समजावणं थोडं अवघड होत गेलं.

दरम्यान प्रभूला मुलगी झाली, दिपाली. ती तीन वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात प्रभू रिकाम्या हातानं आला. रिकाम्या म्हणजे घोडा नव्हता. हातात सुतळ्या मात्र दोन होत्या.

"पुढं अजून एक बैठक जोडा, चाचा. रामप्रसाद म्हणून राहिला, दिपालीला संगं घेऊन बसतो. हे तिचं माप."

"पोरगी बरी हाय ना?"

"दोन दिवसांपासून ताप हाय," प्रभू म्हणाला. "त्याला व्हता तसाच."

जलालुद्दीननं दोन्ही सुतळ्या प्रभूच्या हातातून काढून घेतल्या, पिशवीत करवत टाकली आणि भर दुपारी त्याच्यासोबत निघाला. घोड्याचे तुकडेच करायचे, असं त्यानं ठरवलं होतं.

ओसरीवर घोडा डुलत होता. दिपाली मानेपाशी बसली होती, तापानं लाल झालेली, डोळे अर्धवट मिटलेले. मागची बैठक रिकामी होती. प्रभूची बायको सुकन्या खांबाला टेकून म्हणाली, "उतरतच न्हाई ती. उतरवली की रडते. दादा म्हणते."

जलालुद्दीन घोड्याकडं बघत राहिला. एवढं पोर मानेपाशी बसलं तर घोडा पुढं कलायला पाहिजे. हा बराबर सपाट डुलत होता. मागं दुसरं वजन असल्याशिवाय असं होत नाही. त्याला खरीखुरी भीती वाटली. करवत त्यानं पिशवीतून काढलीच नाही.

दिपालीच्या सुतळीचे त्यानं बारीक तुकडे केले आणि चुलीत टाकले. मग तो घोड्यासमोर उकिडवा बसला, रिकाम्या बैठकीकडं बघून हळू बोलला.

"रामप्रसाद, हा घोडा आता तुला लहान पडतो, बेटा. हा बहिणीला राहू दे. तू माझ्यासंगं चल. तिथं तुझ्या मापाचा मोठा घोडा करतो."

त्यानं उरलेली, रामप्रसादची सुतळी आपल्या बोटाला गुंडाळली. घोडा दोनदा डुलला आणि एकदम पुढं कलला. सुकन्यानं झेप घेऊन पोरीला धरलं. पोरीचं अंग घामानं चिंब झालं होतं.

"ताप उतरून राहिला," ती म्हणाली आणि तिनं पोरीला छातीशी घट्ट आवळलं.

प्रभू मात्र मागच्या बैठकीवर हात फिरवीत होता. "गेला का?" त्यानं विचारलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो रडला. जलालुद्दीनला त्याच्याकडं बघवेना. एकीला वाचवताना त्यानं या बापाचं पोर दुसऱ्यांदा नेलं होतं.

वाटेत त्यानं मागं वळून पाहिलं नाही. नेहमी झपाझपा चालणारा माणूस, पण त्या दिवशी त्याची पावलं आपसूक आखूड पडत होती. गौसियाला यातलं काही सांगायचं नाही, असं त्यानं पक्कं ठरवलं. आधीच ती हळवी.

ती दारातच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मग तिची नजर त्याच्या शेजारी, त्याच्या कमरेच्या जरा वर, येऊन थांबली. तिनं पदर सारखा केला.

"अंदर आ, बेटा," गौसिया म्हणाली. "पहले पाँव धो ले."

आणि तिनं तांब्या खाली, लेकराच्या हाताला येईल असा धरला.