वीतभर फट

कळंबच्या बाजारात जीपचं हूड शिवून घ्यायचं तर बाबामियाँकडेच जावं लागे. दुसरा एक कारागीर होता, तो केव्हाच सोफे शिवायला लागला. बाबामियाँचा एक नियम होता, अब्बांपासून चालत आलेला. मागचा पडदा तळाच्या फळीपर्यंत न्यायचा नाही, खाली वीतभर फट सोडायची. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "गाडीनं दम कुठून घ्यायचा मग?" खरं कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. अब्बा सोडायचे, म्हणून तेही सोडायचे.

फट म्हटली की पाऊस आत येणारच. गेल्या साली तो तात्यांच्या जीपमध्ये आला. तात्या म्हणजे रिटायर मास्तर, आणि त्यांची जुनी पेट्रोल जीप म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नात इरा, सहा वर्षांची. तिला धाराशिवला तिच्या आईकडे सोडायला निघाले आणि पोर मागच्या बाकावर चिंब भिजली, आठवडाभर तापानं फणफणली. लेकीनं, निवेदितानं, तोंडावर सांगितलं, "तात्या, परत या डबड्यातून पोरीला आणायचं नाही." लेकीवर रागावता येईना, मग मास्तरांनी राग कारागिरावर काढला. चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाले, "बाबामियाँचं हूड कसलं, गाळणी आहे ती!"

गाळणी हा शब्द बाजारभर झाला. बाबामियाँच्या तो काळजात रुतून बसला. चाळीस वर्षांच्या कामाला असं नाव पडावं!

यंदा तात्या नवं हूड शिवून घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "लेकीनं कसंबसं हो म्हटलंय. इराच्या अंगावर एक थेंब पडला तर माझी नात मला परत मिळायची नाही, बाबामियाँ."

"थेंब न्हाय यायचा, तात्या. जुबान देतो."

आणि त्यांनी फट बंद केली. पडदा पार खालपर्यंत आणला, दुहेरी शिवण घातली, शिवणीवर मेण घासलं, समोरच्या काचेच्या चौकटीला नवं रबर बसवलं, पडद्याच्या दोऱ्या फळीला आवळून बांधल्या. वरून तीन बादल्या पाणी ओतलं. आत सगळं कोरडं ठणठणीत.

खालच्या दोऱ्या ओवताना मात्र त्यांना एक गोष्ट दिसली होती. मागच्या बाकाखाली पत्रा गंजून तळहाताएवढं भोक पडलं होतं आणि त्याच्या कडा काळ्या झाल्या होत्या. बोट लावलं तर तेलकट काजळी. तात्यांना सांगावं असं मनात आलं. पण सांगितलं तर मास्तर म्हणणार, काम जमलं नाही म्हणून आता पत्र्याला नावं ठेवतोय. त्यांनी बोट फडक्याला पुसलं आणि पुढची दोरी ओवली.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून पाऊस लागला. तात्यांनी मुद्दाम दुकानासमोर गाडी थांबवून हॉर्न दिला. प्लॅस्टिकच्या खिडकीतून इरानं हात हलवला. "घरात बसल्यागत वाटतंय बघा!" तात्या खुशीत ओरडले आणि ढोकीच्या रस्त्याला लागले. बाबामियाँ छाती फुगवून बघत राहिले.

तासाभरानं नमाजाआधी वजू करायला ते नळावर बसले. नखात ती काजळी अजून तशीच होती. साबणानं निघेना. त्यांनी बोट नाकाशी नेलं. सायलेन्सरचा धूर.

 फट होती म्हणून त्या भोकातून आत येणारा धूर निघून जात होता. आता तो कुठून जाणार?

त्यांनी तात्यांना फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. तेवढ्यात पुतण्या तौसिफ मोटारसायकलवरून भिजत आला. "चाचा, ढोकीच्या अलीकडं वढ्याला पाणी आलंय. गाड्या तटल्यात सगळ्या."

"तात्यांची जीप?"

"व्हय, तिथंच हाय. इंजिन चालूच ठिवलंय त्यांनी. एकदा बंद पडली की धक्का माराय लागतोय ना."

"फिरव गाडी," बाबामियाँ म्हणाले. टोपी नळावरच राहिली.

ओढ्याच्या अलीकडे ट्रॅक्टर आणि टेम्पो ओळीनं उभे होते. जीप मधोमध थडथडत होती. खिडक्या आतून धुकटलेल्या. तात्यांचं डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं. माणूस डुलकी घेतोय असंच कुणालाही वाटलं असतं, आणि तसंच वाटलंही होतं. बाबामियाँ मागं धावले. दोऱ्यांच्या गाठी भिजून दगड झाल्या होत्या. आपल्याच हातच्या गाठी, आणि सुटेनात! त्यांनी खिशातली रापी काढली आणि आपलंच हूड वरपासून खालपर्यंत टरकावलं. कोंदलेला ऊन धूर भपकन तोंडावर आला.

तौसिफनं चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि तात्यांना ओढून बाहेर काढलं. वारं लागताच ते ओकले, मग "इरा, इरा" करायला लागले. इरा उत्तर देत नव्हती. शालीत गुंडाळलेली पोर कोरडी होती, अगदी कोरडी. मान मात्र लुळी पडली होती.

टेम्पोवाल्यानं अँब्युलन्सला फोन लावला. बाबामियाँ चिखलातच बसले, पोरीला मांडीवर घेतलं आणि तिचं तोंड वर, पावसाकडे केलं. एवढी भीती त्यांना जन्मात वाटली नव्हती. ज्या पाण्याला त्यांनी आयुष्यभर अडवलं, त्यालाच ते आता विनवत होते : पड, आणखी पड. थेंब पोरीच्या कपाळावर पडत होते, पापण्यांवर, ओठांवर. तात्या गुडघ्यांवर रांगत आले आणि त्यांनी तिचा पाय धरला. 

पोरीची छाती एकदा हलली. मग खोकला आला, दोनदा, तीनदा. तिनं डोळे किलकिले केले, तोंड वाकडं केलं आणि रडक्या आवाजात तक्रार केली, "तात्या, गळतंय."

"गळू दे, बेटा," बाबामियाँ म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "गळू दे."